परीक्षेची गोळी

या वर्षी सप्ताहाच्या पाचव्या दिवशी यादवबाबांच्या मंदिरासमोरचा मांडव गच्च भरला होता. बुवांनी श्रियाळ-चांगुणेचं आख्यान लावलं होतं. आमच्या राळेगणच्या बायकांना हे आख्यान नवं नाही, दळताकांडताना आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे. अतिथी होऊन आलेला शंकर राजाराणीकडे त्यांच्याच मुलाचं, चिलयाचं, मांस मागतो, त्याचं मस्तक उखळात कांडायला लावतो आणि वर अट घालतो, की आईच्या डोळ्यांतून टिपूस पडता कामा नये. बुवांचा गळा गोड. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग टाळ थांबवून बुवा म्हणाले, "माय, देव परीक्षा कुणाची घेतो? जो लाडका, त्याची. ज्याच्या वाट्याला दुःख जास्त, त्याच्यावर देवाचं लक्ष जास्त."

मांडवभर माना डोलल्या. माझ्या वहिनी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांची मान हलली नाही. त्या हातातल्या टाळाची दोरी बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. मला पुढचं कीर्तन ऐकू आलं नाही.

मी सैन्यात ईएमई या दुरुस्तीच्या दलात आर्मरर होतो. चोवीस वर्षं हत्यारं दुरुस्त केली. रायफल, कार्बाइन, पिस्तूल. धर्मशास्त्र मी शिकलेलो नाही, पण परीक्षा म्हणजे काय हे मला हाताने ठाऊक आहे. बुवा ज्याला परीक्षा म्हणत होते ती परीक्षा नव्हे, एवढं सांगण्यासाठी हे लिहितो आहे. आणि हे मी फार पूर्वी म्हणायला हवं होतं.

आमचं पिस्तूल ९ मिमीचं, पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार झालेलं. मूळ घडण अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगची. तो १९२६ मध्ये बेल्जियममधल्या लिएजला वारला, आणि त्याचं अर्धवट काम तिथल्याच दियुदोने सेव्ह नावाच्या कारागिराने पुरं करून १९३५ मध्ये हे पिस्तूल बाजारात आणलं. मॅगझिनमध्ये तेरा राउंड. वजन किलोच्या आतबाहेर. हातात घेतलं की खेळण्यासारखं वाटतं, म्हणून आत काय घडतं ते आधी सांगतो. घरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब असतो. पिस्तुलाचा घोडा पडला की काडतुसाच्या पुंगळीत युरोपातल्या मापाने २,३५० बारपर्यंत दाब चढू शकतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २,४०० किलो. गोळीच्या बुडावर दीड टन भार. साखर कारखान्याच्या रस्त्याला उसाची भरलेली बैलगाडी दिसते, तिचं ओझं करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर ठेवा, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं. पोलाद हे सोसतं. त्यासाठीच ते घडवलेलं असतं.

आता परीक्षा. नवी नळी तयार झाली की तिच्यात एकदा परीक्षेची गोळी झाडतात. ही मुद्दाम जास्त दाबाची असते. युरोपात सीआयपी नावाची संस्था हे नियम ठरवते, आणि तिच्या नियमाने पिस्तुलासाठी हा दाब नेहमीच्या कमाल मर्यादेपेक्षा तीस टक्के जास्त, म्हणजे तीन हजार किलोच्याही वर. हत्यार कुणाच्या हातात देत नाहीत. ते शिकंज्यात पकडतात, माणूस आडोशाला उभा राहतो, दुरून दोरीने घोडा ओढतो. मग नळी सोडवून नीट बघतात, मापं घेतात, कुठे फुगली का, तडा गेला का. पास झाली की तिच्यावर ठसा मारतात. तो ठसा म्हणजे झाडणाऱ्याची हमी असते: आम्ही हिला एकदा मर्यादेबाहेर नेलं, आता तुम्ही नेऊ नका.

यातलं प्रत्येक पाऊल मला बुवांना समजावून सांगावंसं वाटत होतं. परीक्षेला मोजलेलं प्रमाण असतं. घेणारा तिथेच हजर असतो आणि जबाबदारी घेतो. नंतर तपासणी असते. आणि मग तो दाब पुन्हा कधीही नाही. जो माणूस रोज परीक्षेची गोळी झाडतो तो हत्याराची पारख करत नाही, ते मोडतो आहे.

रोज थोडासा जास्त दाब दिला तर काय होतं, तेही पाहिलं आहे. अमेरिकेत काही काडतुसांच्या बुडावर '+पी' असा ठसा असतो. नेहमीच्या ९ मिमीची त्यांची मर्यादा ३५,००० पौंड दर चौरस इंचाला, आणि या ठशाच्या गोळीची ३८,५००. फक्त दहा टक्के जास्त. अशा एका गोळीने काही होत नाही. दहांनी नाही, शंभरांनीही बहुधा नाही. आपल्याकडे ठसा नव्हता, पण गोष्ट तीच होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी स्टेनगनसाठी ९ मिमीची गोळी आधीपेक्षा जोरकस केली, तिला मार्क २-झेड म्हणत, आणि आपल्या कारखान्यांनीही तोच मार्क पुढे चालवला. माझ्या काळी कोतात, म्हणजे शस्त्रागारात, आलेली पेटी कार्बाइनलाही तीच आणि पिस्तुलालाही तीच. कार्बाइनचा बोल्ट जड लोखंडाचा, तो नुसत्या वजनाने धक्का पचवतो. पिस्तुलात मात्र नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडं मागे जातात, मग नळी खाली झुकून सुटते आणि स्लाइड एकटी मागे आदळते. आदळण्याआधी तिला धरते ती एक स्प्रिंग. रिकॉइल स्प्रिंग. सगळ्यात स्वस्त सुटा भाग.

स्प्रिंग दमली की धक्का सरळ सांगाड्यावर जातो. नळीच्या अडकणाऱ्या कडा हातोडीने ठोकल्यासारख्या पसरतात. पुंगळ्या उकिरड्यावर फेकल्यासारख्या लांब उडू लागतात, आणि बघणाऱ्याला वाटतं पिस्तूल जोरात चाललंय. नेम अजून नीट लागत असतो. हत्यार तक्रार करत नाही.

राजस्थानात असताना आमच्या कोतात एक पिस्तूल होतं, नंबराच्या शेवटी १७. सगळ्यात नेमकं. त्यामुळे चांदमारीच्या स्पर्धेचा सराव असला की जो तो सतरा नंबर मागायचा. बाकीची पिस्तुलं कोतात चिंदीत गुंडाळून पडलेली आणि हे रोज रेंजवर. मे महिन्याचं ऊन, पेट्या ट्रकच्या हौद्यात तापलेल्या, आणि तापलेली बारूद जास्त वेगाने जळते, दाब वाढवते. मी माझी एक वही ठेवायचो: नंबर, तारीख, किती राउंड. त्या वहीत सतराच्या पुढचे आकडे मला दिसत होते. स्प्रिंग बदलायला हवी हेही कळत होतं. सुटे भाग आले नव्हते आणि पिस्तूल नेम धरत होतं, म्हणून मी 'चालतंय' म्हणालो.

तडा शोधायची एक जुनी रीत आहे. भाग रॉकेलात बुडवून ठेवायचा, मग कोरडा पुसायचा, आणि वर खडूची पूड फासायची. धड लोखंड पांढरं राहतं. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि खडूवर केसासारखी काळपट रेघ उमटते. सतराच्या सांगाड्यावर ती रेघ उमटली तेव्हा मी कितीतरी वेळ ती बघत बसलो होतो. ती त्या दिवशी झालेली नव्हती. पोलादाला धक्क्यांचा हिशेब असतो. ठरावीक मर्यादेच्या खाली कितीही धक्के द्या, ते सोसतं. मर्यादेच्या जरा वर गेलात तर प्रत्येक धक्का आत कुठेतरी कोपऱ्यात जमा होतो.

आता वहिनींचं सांगतो.

त्या घरात आल्या आणि मागोमाग १९७२ चा दुष्काळ आला. वीस वर्षांची सून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मजुरी, सुकडी, मिलोच्या लाल भाकरी. मी तेव्हा शाळेत होतो आणि माझ्या ताटातली भाकरी त्यांच्या वाट्याची असायची, हे मला पुढे कळलं. मी भरती झालो, घर थोरल्या भावावर आणि त्यांच्यावर. १९८६ मध्ये भाऊ गेला. दोन पोरं, म्हातारे आई-वडील, तीन एकर हलकी जमीन. मग वडिलांचं अंथरूण, मग आईचं. मुलीचं लग्न, मुलाचा अपघात. प्रत्येक वेळी नात्यातलं कुणी ना कुणी म्हणायचं, "ती आहे ना, ती करील." त्या करायच्या. सतरा नंबर.

आणि मी जैसलमेरहून, जबलपूरहून, तेजपूरहून आंतर्देशीय पत्रात लिहायचो: वहिनी, देव तुमची परीक्षा बघतो आहे, धीर धरा, तुम्ही पास व्हाल. एकदा नाही, अनेकदा लिहिलं. मनिऑर्डर पाठवायचो, पण रजा मिळाली की दहा दिवस पाहुण्यासारखा राहून परत जायचो. माझ्या पत्रातलं ते वाक्य मला तेव्हा भक्तीचं वाटायचं. आज कळतं, त्या वाक्याने मी स्वतःला मोकळं करून घेत होतो. परीक्षा देवाची आहे म्हटलं की मध्ये पडायची कुणाला गरज उरत नाही. परीक्षेच्या खोलीत दुसऱ्याने जायचं नसतंच.

२००३ चं वर्षही कोरडं होतं. मी निवृत्त होऊन घरी आलेलो. एका सकाळी वहिनी चुलीपुढे बसल्या आणि उठल्याच नाहीत. ताप नाही, दुखणं नाही. पीठ परातीत, पाणी तांब्यात, आणि हात मांडीवर. कुणी हाक मारली तर बघायच्या, बोलायच्या नाहीत. नगरच्या डॉक्टरांनी औषधं दिली, झोप दिली. चार महिने लागले. त्या चार महिन्यांत गावातली एक म्हातारी मला म्हणाली, "इतकं सोसलं, आणि आता काय झालं हिला? आता तर बरे दिवस आलेत." मला पांढऱ्या खडूवरची रेघ आठवली.

म्हणून मला चिलयाच्या आख्यानाचा राग नाही, ते अर्ध्यावर सोडलं जातं त्याचा आहे. त्या कथेत मागणारा स्वतः दारात उभा आहे. त्याने एकदाच मागितलं. आणि शेवटी तो आईला सांगतो, पोराला हाक मार, आणि चिलया धावत येतो. घेणाऱ्याने सगळं परत दिलं म्हणून ती परीक्षा. वहिनींनी भावाला किती हाका मारल्या असतील. ज्या दुःखात काही परत मिळत नाही, ज्याचं प्रमाण कुणी मोजलेलं नाही, ज्यानंतर कुणी येऊन तपासत नाही, त्याला त्याच कथेचं नाव देणं हा चांगुणेवरही अन्याय आहे.

नगरला मिशनऱ्यांची वस्ती जुनी. माझ्या बरोबरचा एक हवालदार तिथला ख्रिस्ती होता, त्याने मला इयोबाची गोष्ट सांगितली होती. इयोबाची मुलंबाळं, गुरंढोरं गेली, अंगावर फोड उठले. मित्र येऊन आधी सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, आणि मग त्याला कारणं समजावू लागले. शेवटी देव बोलतो तेव्हा तो रागावतो ते त्या समजावणाऱ्यांवर, की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, हा इयोब बोलला. मला त्यातले पहिले सात दिवस महत्त्वाचे वाटतात. मित्र तेवढंच करून थांबले असते तर चुकले नसते.

कुणी म्हणेल, कुंतीने तर श्रीकृष्णाकडे संकटंच मागितली, म्हणजे त्याचं दर्शन होत राहील. मागितली, खरं आहे. पण तिने स्वतः मागितली. दुसऱ्या कुणी तिच्यासाठी मागितली नाहीत. आमच्या गावाने उपोषण जवळून पाहिलं आहे. ऑगस्ट २०११ मध्ये आमचे अण्णा हजारे दिल्लीच्या रामलीला मैदानावर बसले होते तेव्हा आमच्या जिवाला चैन नव्हती. तेही सोसणंच, पण ते स्वतः घेतलेलं, आणि तिथेही डॉक्टर रोज वजन बघत होते, रक्तदाब बघत होते. तपाला मोजमाप लागतं. आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला खांबाला टेकून ज्ञानोबांनी गीता मराठीत आणली, त्या गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग कुणाला साधतो, तर अति खाणाऱ्याला नाही आणि अगदीच न खाणाऱ्यालाही नाही. प्रमाणात खाणं, प्रमाणात झोपणं, प्रमाणात कष्ट. मी नेवाशाच्या त्या खांबापुढे बसलो की मला नेहमी वाटतं, हे प्रमाण आपण साधकाला सांगतो आणि सुनेला विसरतो.

दाबच नको असं मी म्हणत नाही. आर्मरर असं म्हणूच शकत नाही. बारूद कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. कष्टाशिवायचं आयुष्य मी कुणाला मागत नाही, वहिनीही मागणार नाहीत. त्यांना रिकामं बसलेलं बघवत नाही.

पण आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती कमी लोकांना ठाऊक असते. पहारा बदलताना संत्री पिस्तूल भरतो आणि पहारा संपला की रिकामं करतो. वरची गोळी चेंबरमध्ये जाते, बाहेर येते, पुन्हा मॅगझिनमध्ये सगळ्यात वर बसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. प्रत्येक वेळी तिचं टोक उतारावर आपटतं आणि गोळी पुंगळीत केसभर मागे सरकते. बाहेरून कळत नाही. आत बारुदीची जागा कमी होत जाते. जागा कमी म्हणजे दाब जास्त, आणि तो थोडाथोडका नाही, एकदम चढतो. ती गोळी कधीच झाडलेली नसते. फक्त रोज पुढे केलेली असते. म्हणून मी पोरांना सांगायचो, वरची गोळी रोज बदला, शेजारी ठेवून उंची ताडून बघा, खचलेली दिसली तर बाजूला काढा.

घरातही माणूस असा खचतो. संकट आलं नाही तरी, येईल म्हणून ज्याला रोज पुढे उभं केलं जातं तो.

आमचा पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस थोडा, आणि येतो तो एका दणक्यात. माझ्या लहानपणी तो दणका डोंगराच्या उघड्या पाठीवर बसायचा, माती घेऊन पाणी ओढ्याने निघून जायचं आणि विहिरी कोरड्या. अण्णा सैन्यातून परत आले, पदरच्या पैशाने यादवबाबांचं मंदिर दुरुस्त केलं, ज्या मंदिराचं लाकूड एकेकाळी दारूच्या भट्ट्यांखाली जळलं होतं. मग गाव डोंगरावर गेलं. तिथे एकच थोरली भिंत बांधून सगळं पाणी तिच्यावर सोडलं नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं केली. सलग समतल चर, मग झाडं, मग दगडी बांध, मग नालाबांध, आणि सगळ्यात खाली पाझर तलाव. पाण्याचा जोर वरच्या वर तुकड्यातुकड्याने काढून घेतला. खाली तलावाशी पाणी पोहोचतं ते चालत. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, हे शब्द बाहेरचे लोक योजनेसारखे पाठ म्हणतात. मी सुट्टीत घमेलं घेऊन त्या ओळीत उभा राहिलो आहे. तिथे कुणी म्हणालं नाही, की दुष्काळ ही देवाची परीक्षा आहे, जमीन पास होईल.

ज्या गावाला डोंगराबाबत हे कळलं त्याला घराबाबत का कळू नये, हा माझा प्रश्न आहे, आणि तो मला धर्माचाच प्रश्न वाटतो. मी देव मानतो. रोज सकाळी मंदिरात जातो. पण आडोशाला उभा राहून दोरी ओढणारा देव मला दिसत नाही. मला तो दिसला तर त्या घमेल्यांच्या ओळीत दिसला, एकाच्या हातातलं ओझं दुसऱ्याच्या हातात जाताना. तसाच तो १९८६ नंतर आमच्या घरात यायला हवा होता, आणि यायचा तर माझ्या रूपाने यायला हवा होता. मी पत्रं लिहीत होतो.

कीर्तन संपल्यावर वहिनींना घेऊन घरी आलो. वाटेत त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर मी कपाटातून कोरी वही काढली, सैन्यातल्या सवयीने रेघा आखल्या, आणि त्यांच्याजवळ ओट्यावर बसलो.

"वहिनी, सांगा. बहात्तरपासून. काय काय झालं, आणि तेव्हा सोबत कोण होतं."

"कशाला भाऊजी? आता काय त्याचं."

"कुणी लिहून ठेवलं नाही. मी ठेवतो."

बराच वेळ त्या अंगणातल्या शेळीकडे बघत राहिल्या. मग सुरुवात केली. बहात्तर, खडी. त्र्याहत्तर, पहिलं बाळ गेलं. हे मला माहीतच नव्हतं. मी लिहिलं. 'सोबत' या रकान्यात त्या म्हणाल्या, "आई होत्या, सासूबाई. त्यांनी रात्रभर पाय दाबले माझे." तेही लिहिलं. अशी चौदा वर्षं झाली. कुठे शेजारीण होती, कुठे नुसती गाय. बऱ्याच ठिकाणी रकाना कोरा राहिला.

शहाऐंशीपाशी त्या थांबल्या. मी पेन टेकवून वाट बघत होतो.

"इथं दोन ओळी मोकळ्या सोडा," त्या म्हणाल्या. "मग सांगते."

मी दोन ओळी मोकळ्या सोडल्या. त्या उठल्या, शेळीला पाणी दाखवलं, दावं आवळलं, आणि परत येऊन बसल्या.